ताम्हणातली बेअरिंगं

तुमकूरच्या चंद्राक्कांचं पत्र आषाढात आलं होतं, आणि नरसिंहरावांनी त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं. थोरल्या बहिणीनं विचारलं होतं इतकंच : "खंडेनवमीला गाडी घेऊन न्यायला येशील का? यंदाचा दसरा तुझ्याकडे करीन म्हणते. हो की नाही तेवढं कळव."

हो लिहावं, तर गाडीच्या इंजिनातून टकटक ऐकू येत होती. नाही लिहावं, तर 'येऊ नकोस' म्हटल्यासारखं. जन्म ग्रंथालयात घालवलेल्या माणसानं खात्री केल्याशिवाय काही लिहू नये. म्हणून ते रोज आंतर्देशीय पत्र उघडत, 'ती. अक्कास साष्टांग नमस्कार' या एकुलत्या एका ओळीकडे बघत आणि पुन्हा घडी घालत.

श्रावण गेला, गणपती गेले. टकटक मात्र वाढली. गॅरेजवाला मंजुनाथ म्हणाला, "बेअरिंग झिजलंय सार. आता गर्दी आहे. हब्ब होऊ दे, मग बघू."

सण झाल्यावर गाडी घेऊन काय करायचं? ज्यांनी कधी सायकलची चेनसुद्धा चढवली नव्हती, त्या नरसिंहरावांनी जेवताना जाहीर केलं, "बेअरिंग मी बदलणार."

सारू वाढता वाढता प्रेमाबाईंचा डाव हवेतच राहिला. "कशानं?"

"पुस्तक आहे."

"सरी, बरं तर," प्रेमाबाई म्हणाल्या. "स्वल्प भात घ्या. ताकद लागेल."

गाडीची पुढची चाकं दोन उतरत्या ओंडक्यांवर चढली. छातीवर पुस्तक उघडं ठेवून नरसिंहराव खाली सरपटले. प्रत्येक नट सोडवण्याआधी पान पुन्हा वाचत, आणि सोडवल्यावर चुकीचा तर सोडवला नाही ना, म्हणून पुन्हा. खंडेनवमीच्या सकाळी, कसं कोण जाणे, इंजिनाच्या खालचं तेलाचं भांडं निघालं, आणि अर्ध्या बांगडीसारखी दिसणारी जुनी बेअरिंगंही निघाली. आता नवी बसवायची. तुमकूर काही लांब नाही. संध्याकाळपर्यंत अक्का घरात!

पुस्तकात ठळक छापलं होतं : नवी बेअरिंगं अत्यंत स्वच्छ ठेवावीत, धुळीचा कणही नको. घरातलं सर्वांत स्वच्छ भांडं कोणतं? चिंचेनं घासलेलं देवाचं ताम्हण. नरसिंहरावांनी त्यात बेअरिंगं ओळीनं मांडली, वर धुतलेलं पांढरं वस्त्र घातलं, शेजारी पाटावर नट सोडवायचे पाने लहानमोठ्या क्रमानं लावले, आणि हात काळे झाले म्हणून अंघोळीला गेले.

बाहेर येऊन बघतात तो समई तेवत होती. पान्यांवर शेवंती होती. आणि वस्त्र बाजूला सारून प्रत्येक बेअरिंगला हळद, कुंकू, वर अक्षता.

प्रेमाबाई डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या. "लग्न झाल्यापासून तुम्ही स्वतःहून देवापुढे फूल ठेवलं नाहीत. आज आयुधपूजेची सगळी मांडणी केलीत, आणि मला बोललासुद्धा नाहीत."

नरसिंहराव पुस्तक चाळू लागले. या प्रसंगाबद्दल पुस्तकात काही नव्हतं.

"हे जरा पुसून..."

"पुसून? उद्या उत्तरपूजा झाल्याशिवाय पूजेतल्या हत्याराला हात लावायचा नाही. तुम्हाला काय सांगायला हवं!"

एवढ्यात शेजारचे सुब्बाराव कोहळा घेऊन आले. मागोमाग वरच्या मजल्यावरचा पुण्याचा शुभंकर लॅपटॉप घेऊन आला. "काका, सेटअप भारी केलाय. माझा पण ठेवा ना इथं, सोमवारी डेडलाइन आहे." ताम्हणाशेजारी लॅपटॉप बसला. कोणी शिवणयंत्र आणलं, कोणी मिक्सर.

"आता गाडी," सुब्बाराव म्हणाले, आणि गेटाशी कुंकू भरलेला कोहळा फोडला. शुभंकरनं चाकांखाली लिंबं ठेवली, तीही मागच्या चाकांच्या मागे, कारण पुढे भिंत होती.

"मागे जाऊन लिंबू चिरडलं तर चालतं का?" कोणीतरी विचारलं.

"शास्त्रात दिशा सांगितलेली नाही," सुब्बाराव म्हणाले. "बसा नरसिंहराव. चालू करा."

इंजिनाचा कोथळा बाहेर काढलाय, हे सांगायचं म्हणजे ताम्हणात काय आहे आणि का आहे, तेही सांगायला हवं. प्रेमाबाईंचे डोळे अजून ओलेच होते. नरसिंहराव निमूट गाडीत बसले. चालू न करता, नुसता हँडब्रेक जरासा सोडला तर लिंबापुरती गाडी हलेल, असा त्यांनी हिशेब केला.

गाडी ओंडक्यांवरून धाडकन उतरली. लिंबं चिरडली, जुन्या तेलाची परात रांगोळीवर लवंडली, आणि गाडी शेपटीकडून गेटबाहेर पडून उतारानं निघाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नरसिंहरावांना आधी क्लच सापडला, मग हॉर्न, आणि सगळ्यांत शेवटी ब्रेक. गाडी थांबली ती वर येणाऱ्या एका रिक्षाच्या नाकाशी.

रिक्षातून काठी उतरली, पिशवी उतरली, मग चंद्राक्का.

"मला न्यायला निघालास, की मला बघून पळालास?"

"अक्का, तू... कशी?"

"बसनं. गुडघे बसमध्ये येताना विव्हळले, तुझ्या पत्राची वाट बघताना त्याहून जास्त. येऊ नको म्हणायचं होतं का तुला?"

"छे, छे. आधी गाडी नीट करावी, मग नक्की काय ते लिहावं, असं..." त्यांनी खिशातून ते आंतर्देशीय काढलं.

अक्कांनी ती एकुलती ओळ वाचली. "पुढे?"

"आता तू आलीसच. आता काय लिहू?"

"आता लिही. शेजारची लक्ष्मीदेवी रोज विचारते, भावाचं पत्र आलं का म्हणून. मी परत जाईन तेव्हा दारात पोस्टमन आला पाहिजे."

मग भर रस्त्यात, गाडीच्या टपावर कागद ठेवून नरसिंहरावांनी लिहिलं : 'गाडी बिघडली आहे. तरी तू ये. घर तुझंच आहे.' लोक गाडी ढकलत आत नेत होते, तेव्हा बहीणभाऊ कोपऱ्यावरच्या लाल पेटीकडे गेले. पत्र आत पडलं. पडलं की अडकलं, म्हणून नरसिंहरावांनी पेटी हलवून पाहिली.

"अक्का, मिळालं की उत्तर पाठव हं."

"बघू," चंद्राक्का म्हणाल्या.