गनरच्या हक्काची चाळीस सेकंदं

हे कुणी खरं मानणार नाही, आणि न मानणाऱ्यांवर आमची जबरदस्तीही नाही. पण निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराला आपला आवाज सारखाच ऐकवता आला पाहिजे, हे तत्त्व मिनेसोटातल्या एल्क बेंड गावाइतकं निष्ठेनं कुणीच पाळलेलं नाही.

एल्क बेंडचा महापौर दरवर्षी एखादा प्राणी असतो. (ही प्रथा पडल्यापासून कारभार सुधारला, असं जुनी माणसं सांगतात.) यंदा उभे होते दोघं : क्लोव्हर ही शेळी आणि दंतवैद्य आर्विड स्लेटन यांचा थोराड कुत्रा गनर. व्हर्ना हाउगेन गावातलं एकुलतं एक रेडिओ केंद्र चालवायची. कुणाला जुना फ्रीजर विकायचा असो, कुणाला मांजराची पिल्लं द्यायची असोत, सगळ्यांचे फोन ती रोज सकाळी थेट हवेत सोडायची. अशाच एका सकाळी क्लोव्हरनं मायक्रोफोनसमोर चाळीस सेकंदं बें बें केलं. (भाषण मुद्देसूद झालं, असं गावाचं मत पडलं.)

लगेच प्रसारण नियामक आयोगाचा आदेश आला. प्रतिस्पर्ध्यालाही चाळीस सेकंदं द्यावीत. तोपर्यंत दुसरं काहीही प्रसारित करू नये. कारण हवामानाच्या अंदाजात गवताचा विषय निघतो आणि त्याचा लाभ एकाच उमेदवाराला होतो. आदेश मोडल्यास परवाना रद्द.

अडचण एवढीच, की गनर जन्मात भुंकलेला नव्हता. चोर आले तेव्हा तो त्यांना स्वयंपाकघरापर्यंत सोडायला गेला होता.

केंद्र मुकं झालं. गनर मायक्रोफोनसमोर येऊन झोपू लागला. (घोरणं हे भाषण धरावं का, यावर आयोगानं उपसमिती नेमली.) श्रोते दुपटीनं वाढले. पण व्हर्नाच्या घशाखाली घास उतरेना. केंद्र तिच्या बापानं उभं केलेलं.

"अगं, कोर्टात जा," नवरा लायल म्हणाला.

"कोर्टाला आयोगाचा कान धरता येतो का?"

"तेच तर कोर्टाला विचारायचं!"

आयोगाचे वकील कोर्टात नम्रपणे म्हणाले, "महाराज, आमचे अधिकार तपासायला कोर्ट मुखत्यार आहे. फक्त 'तपासणे' म्हणजे काय, ते आयोग ठरवेल. त्यातले तज्ज्ञ आम्ही."

न्यायमूर्ती ओडेल क्रान्झ यांनी टेबलावर हात आपटला. "आजवर तुम्ही म्हणायचं आणि आम्ही मान डोलवायची, असंच चाललं. आता बस! कायद्याचा अर्थ मी सांगणार. आयोगाचा आदेश रद्द!"

व्हर्नाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आणि कायद्याचा अर्थ असा," न्यायमूर्ती पुढे म्हणाले, "की कुत्र्याला चाळीस सेकंदं द्यावीत. तोवर दुसरं काहीही प्रसारित करू नये. नाहीतर परवाना रद्द. हा आदेश माझा आहे."

(आयोगानं अपील केलं. आदेश योग्यच आहे, पण तो आमचा आहे, असं त्यांचं म्हणणं.)

बाहेर आल्यावर व्हर्नानं आपल्या वकिलाला विचारलं, "म्हणजे मी जिंकले ना?"

"घवघवीत! आता तेवढं कुत्र्याला भुंकवा."

दुसऱ्याच सकाळी रेडिओवर भुंकणं ऐकू आलं. खणखणीत, बरोबर चाळीस सेकंदं. आयोगाच्या तज्ज्ञांनी ते यंत्रावर ताडून पाहिलं आणि जातिवंत ठरवलं. न्यायमूर्तींनी आपल्या दालनात रेडिओला कान लावून ते स्वतंत्रपणे ऐकलं आणि त्यात प्रामाणिक तळमळ असल्याचा निर्वाळा दिला. परवाना वाचला. गावभर मोटारींचे भोंगे वाजले. लायलनं मध घातलेलं गरम पाणी बायकोपुढे सरकवलं, आणि फोन पुन्हा सुरू झाले.

"बोला, काय विकायचंय?" व्हर्नाचा आवाज जरा बसला होता.

"विकायचं काही नाही गं. मी आर्विड. गनर पहाटेपासून घरीच आहे. माझ्या पायांवर झोपलाय, पाय बधिर झालेत माझे. मग मघाशी भुंकलं कोण, व्हर्ना? आणि ऐकणाऱ्यांनो, तो जन्मात भुंकला नाही हे तुम्हाला आधीच सांगितलेलं होतं ना? मग इतका वेळ माना कसल्या डोलावत होतात?"