मारोतीच्या कानांसाठी आठ बैठका

कामगाराचा जीव ही कामगाराच्याच हाती सोपवण्याइतकी किरकोळ बाब नाही. म्हणूनच अभनपूर रस्त्यावरच्या आमच्या पोहा मिलमध्ये सुरक्षा समिती आहे आणि मी तिचा सचिव आहे.

मारोती बावीस वर्षं भाजणीच्या भट्टीवर. तिथल्या मशिनींच्या आवाजात त्याचे दोन्ही कान जवळजवळ गेले. (समिती त्यानंतर स्थापन झाली, कान वाचवण्यासाठी.) त्याच्या सुरक्षिततेवर सात बैठका झाल्या. चर्चा चौदा तास, समोसे एकशे बारा, मारोतीला विचारणा शून्य. ठराव असा, की सोमवारपासून त्याला भट्टीवरून काढून गेटवर खुर्चीत बसवावं.

आठव्या बैठकीला, लोकशाही म्हणून, त्यालाही बोलावलं. अध्यक्ष निरंजनसाहेबांनी अत्यंत आपुलकीने, त्याच्या पाठीमागून, मत विचारलं. तो वळला नाही. मी इतिवृत्तात नोंदवलं: कामगार चर्चेस अनुत्सुक.

पॅकिंगच्या प्रेमलाबाईंनी समोर जाऊन खूण केली, तेव्हा तो बोलला.

"साहेब, भट्टी मले समजते. गेटवर बसून मी काय गाड्या मोजू? भोंग्याच्या वायरवर एक लाल बल्ब लावा माह्यासमोर. अन् बोलाचं असन तं समोर येऊन बोला. कान गेले, डोये हायेत ना अजून!"

"हव, देख लेंगे," साहेब म्हणाले.

मागणी अर्थातच फेटाळली. दिव्याकडे पाहायची सवय लागली, तर भोंगा ऐकणार कोण? इलेक्ट्रिशियन दिवाकरने बल्ब तरीही लावून टाकला. (विनापरवाना. त्याचा मेमो मीच टाईप केला.)

आमचा भोंगा एकदा वाजला तर चहा, दोनदा वाजला तर मालक आले, तीनदा वाजला तर आग. नियम भिंतीवर ठळक रंगवलेला आहे. शनिवारी भट्टीमागच्या भुशाने पेट घेतला आणि भोंगा तीनदा वाजला. उत्तम श्रवणशक्तीचे एकसष्ट कर्मचारी पहिल्याच भोंग्याला कप घेऊन उठले. चहाची टाकीही भट्टीमागेच, त्यामुळे आम्ही शिस्तीत, रांगेने, थेट आगीकडे निघालो. समिती सर्वांत पुढे होती.

मारोतीने बल्ब तीनदा लागलेला मोजला, भट्टी बंद केली आणि दोन्ही हात पसरून आम्हाला आडवा आला.

"मांगं फिरा! आग हाय, चाय नाही!"

आधी मला रागच आला, कप हातात होता. मग धूर दिसला. त्या माणसाचा मला फार अभिमान वाटला, पण इतिवृत्तात त्यासाठी रकाना नाही.

जखमी कोणी नाही. बदली रद्द झाली. निरंजनसाहेब आता मारोतीच्या समोर बसून विचारतात, आणि मारोती दर शनिवारी आम्हा एकसष्ट जणांचा वर्ग घेतो. अभ्यासक्रम तीनपर्यंत मोजण्याचा आहे.

तुम्ही हसलात, म्हणजे तुमचे कान शाबूत असणार. मग खरं सांगा, मागच्या वेळी तुमच्या ऑफिसात अलार्म वाजला तेव्हा तुम्ही उठला होतात, की "टेस्टिंग असेल" म्हणत शेजारच्याकडे पाहिलंत?