लंबासुराची शपथ आणि उपाशी पाहुणे

नियोजन शिकावं तर माझ्याकडून! विश्रामबागेत माझं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे, तिथं एक नट इकडचा तिकडं होत नाही. त्यामुळे आई जेव्हा म्हणाली, "सम्मेद, रविवारी इस्लामपूरचे पाहुणे घर बघायला येणारायत," तेव्हा मी जराही डगमगलो नाही. वास्तविक त्याच रविवारी घरी आमची सभा होती. सभा म्हणजे 'खापरनगरचा लंबासुर' या विनोदी कादंबरीमालेच्या भक्तांची! दुपारी सभा, चारला पाहुणे, ऊन असतानाच जेवणं. आम्ही जैन. दिवस मावळला की आमच्यात ताटाला कुणी हात लावत नाही.

पाहुण्यांची मुलगी रूपाली. तिला मी एका लग्नात पाहिलं होतं आणि त्या दिवसापासून मला दुसरी कुणी नकोच होती. हा रविवार फसून चालणार नव्हतं.

सभेला दरबाराची कळा यावी म्हणून मी हॉलचे जाड पडदे ओढले, सगळे दिवे लावले, भिंतीवरचं घड्याळ उतरवलं आणि त्या खिळ्याला लंबासुराचं पोस्टर टांगलं. काय थाट!

वाद जुनाच होता. कादंबरीत हे जग म्हणजे चुलीदेवीनं थापलेली भाकरी आणि तिच्या हातून करपलेली पहिली भाकरी म्हणजे लंबासुर. चुलीवर हात ठेवून त्यानं शपथ घेतली, पुन्हा चोरी करणार नाही. आणि पाचव्या भागात शत्रूची पोरं उपाशी दिसली, तर गड्यानं खुद्द देवीचं कोठार फोडलं! आता हे पाप की पुण्य?

"पुण्य!" मुजीबनं टेबलावर हात आपटला. हा माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचं फर्निचरचं दुकान आहे, त्यामुळे दुसऱ्याचं टेबल आपटायला तो कचरत नाही. "पोरं उपाशी मरत्यात आन् ह्यो शपथ धरून बसंल व्हय रं?"

"शपथ म्हणजे शपथ!" मी ओरडलो. "मोडली की पाप!"

तेवढ्यात पाहुणे आले. रूपाली माझ्या आईबरोबर स्वयंपाकघरात गेली. तिचे वडील जवाहरकाका मात्र पोस्टरकडे बघत दारातच थबकले. आटोपलं! घरात राक्षस टांगणाऱ्याला मुलगी कोण देणार?

"लंबासुर न्हवं ह्यो?" काकांचा चेहरा उजळला. "आवं, समदं भाग वाचल्यात मी! आन् पाप कोण म्हणतंय?"

शहाण्या माणसानं इथं विषय बदलला असता. मी छाती पुढं काढून म्हणालो, "मी!"

काका चपला काढून थेट माझ्यासमोर बसले. "आपल्या जैन पुराणात राक्षस म्हंजे विद्याधर! शिकल्याली, धरम पाळणारी माणसं."

"म्हणूनच म्हणतो, काका! धर्म पाळणारा शपथ मोडेल का?"

"चुलीदेवी त्याची आई हाय. आईच्या कोठारातनं घेतलं तर ती चोरी व्हय?"

"वा काका, लय भारी!" मुजीबनं पुन्हा टेबल आपटलं.

आई दारात आली. पानं घेऊ का, असं खुणेनं विचारलं. मी हातानंच सांगितलं, पाच मिनिटं! थोड्या वेळानं ती परत आली आणि डोळे मोठे केले. मला वाटलं, माझा मुद्दा तिला आवडला. मग ती पापड तळायला लागली आणि आम्ही सातव्या भागात शिरलो.

आणि अजान ऐकू आली.

"चला, मगरीब झाली. नमाज पढून येतो," म्हणत मुजीब उठला आणि जाता जाता त्यानं पडदा सारला. बाहेर सगळं जागच्या जागी होतं, फक्त सूर्य नव्हता!

आत पापडांची परात दणकन पडली.

पुरणपोळ्या तयार, आमटी तयार आणि पाहुणे उपाशी! "काका," मी काकुळतीला आलो, "अजून उजेड आहे की! दोन घास घ्या. उपाशी माणसाला कसला आलाय नेम?"

काकांनी माझ्याकडं शांतपणे बघितलं. "मगाशी काय म्हणत हुता?"

"शपथ म्हणजे शपथ," मी पुटपुटलो.

"मग?"

पाहुणे तसेच गेले. नमाज पढून आलेला मुजीब आणि सभेची बाकीची मंडळी जेवायला बसली. आम्ही मायलेक त्यांना वाढत होतो, आणि "काकी, आमटी लय झकास!" हे ऐकून आईनं माझ्याकडं असं बघितलं की मी पोस्टरमागं लपावं!

दुसऱ्या दिवशी दुकानात काकांचा फोन आला.

"पोरगा पसंत हाय," काका म्हणाले. "सासऱ्यापुढं वाकला न्हाई आन् सासऱ्याम्होरंच तोंडावर आपटला. दोनी बघून घेतलं म्या!"

मी खुर्चीत मटकन बसलो. इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू!

साखरपुड्याला रूपालीला मी ऐटीत विचारलं, "लंबासुरानंच जुळवलं की नाही आपलं? तुला कुणाची बाजू पटली?"

"कुणाची नाही. मी त्याचं एक पान वाचलेलं नाही."

"मग होकार कसा दिलास?"

"अहो, रोज संध्याकाळी बाबा माझ्याशीच वाद घालत बसतात. त्या दिवशी पहिल्यांदा मी आत निवांत बसले. तेव्हाच ठरवलं, हा माणूस हातचा जाऊ द्यायचा नाही!"

आता लग्न झालंय. सासरे दर रविवारी येतात, ऊन असतानाच जेवतात आणि वेळेत परत जातात. कारण नियोजन रूपालीकडं आहे. मला पडद्याला हात लावायची परवानगी नाही.