तात्यांनी मेमरी मोकळी केली

यंत्र हळू चालते आहे हे माणसाला कळण्यासाठी यंत्राने हळू चालण्याची गरज नसते. तसे सांगणारे दुसरे यंत्र शेजारी असले की पुरते.

तात्यांच्या घरातला संगणक तसा बरा चालत होता. सकाळी बटण दाबून चहा गाळून आणावा, तोवर तो जागा झालेला असे. त्यावर काकू नाटकांचे पोशाख बेतत. (काकू म्हणजे तात्यांची पत्नी. सगळी गल्ली त्यांना काकू म्हणते हे पाहून तात्यांनीही बहुमताचा आदर केला होता.) उरलेल्या जागेत दोन्ही मुलींचे लहानपणापासूनचे फोटो होते. मुली जुळ्या. काही मिनिटे आधी आली ती थोरली आणि नंतर आली ती धाकटी, एवढाच काय तो दोघींतला फरक. बाकी नाक, डोळे, आवाज आणि हट्ट सारखेच.

तात्या एका कारखान्याच्या गोदामाचे निवृत्त भांडारपाल. भरलेली फळी म्हणजे निष्काळजीपणा आणि रिकामी फळी म्हणजे व्यवस्थापन, हा त्यांचा सिद्धान्त. (कारखान्याला ऐन वेळी बोल्ट मिळत नसत, पण फळ्या पाहून मन प्रसन्न होई.) निवृत्तीनंतर रिकामे करण्यासारखे काही हाती उरले नाही, म्हणून ते थोडे खचले होते. अशातच एका दुपारी पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन उगवला: ‘आपली मेमरी ७८ टक्के भरली आहे. आपण धोक्यात आहात.’

‘आपण’ म्हणजे संगणक की तात्या, हे त्यात स्पष्ट केलेले नव्हते. तेव्हा दोघांच्या वतीने घाबरणे तात्यांना रास्त वाटले.

धोक्याची सूचना देणाऱ्यांनीच धोक्यावरचे सॉफ्टवेअर फुकट ठेवले होते, ही केवढी सोय! ते उतरवून घेतल्यावर एक मोठे हिरवे बटण आले. तात्यांनी दाबले. अठ्ठ्याहत्तरचे एकेचाळीस झाले आणि तात्यांच्या अंगावर मूठभर मांस चढले. थोड्या वेळाने आकडा पुन्हा शहात्तरवर गेला. तात्यांनी पुन्हा दाबले. अशा रीतीने एका निवृत्त माणसाला पूर्णवेळ काम मिळाले.

जाणकार सांगतात की मेमरी वापरण्यासाठीच असते आणि ती नुसती रिकामी ठेवून कुणाचे भले होत नाही. पण जाणकार घरोघरी जाऊन सांगत नाहीत. सॉफ्टवेअर जाते.

ते एकटेही जात नाही. त्याच्या शिफारशीवरून संगणक लवकर सुरू करणारे एक सॉफ्टवेअर आले, मग कचरा शोधणारे, आणि शेवटी ही सगळी नीट काम करतात की नाही यावर लक्ष ठेवणारे एक आले. ही मंडळी सकाळी एकदम कामावर हजर होत, त्यामुळे आता संगणक सुरू होईपर्यंत चहा होई, अंघोळ होई, भाजी निवडून होई. वेग मोजणाऱ्या खिडकीत मात्र ‘उत्कृष्ट’ असे लिहून येई. तात्या ते काकूंना वाचून दाखवत.

पहिला बळी राजाचा गेला. काकू एका नाटकातल्या राजाचा अंगरखा बेतत होत्या. दूध उतू जाईल म्हणून उठल्या, आणि परत येऊन पाहतात तर पडदा स्वच्छ.

“माझी बाही कुठे गेली?”

“कुठली बाही?”

“राजाची. डावी. आत्ता इथे होती.”

“ती फार खात होती,” तात्या शांतपणे म्हणाले.

“बाही खात होती?”

“मेमरी. यादीत सगळ्यात वर तीच. लाल रंगात. लाल आलं की मी सोडत नाही.”

“अहो, मग बंद करायच्या आधी सेव्ह तरी करायचं!”

“सेव्ह केलं असतं तर जागा मोकळी कशी झाली असती?”

पहिल्या प्रयोगाला राजा डाव्या खांद्यावर शाल घेऊन उभा राहिला. (परीक्षणात ‘सत्तेची एकांगी ऊब सूचित करणारी वेशभूषा’ असा खास उल्लेख आला, त्यामुळे तात्यांचा आत्मविश्वास दुणावला.)

मग धाकटीचे लग्न ठरले. लग्नाच्या जेवणाला भिंतीवर प्रोजेक्टरने धाकटीचे लहानपणीचे फोटो दाखवायचे, ही कल्पना थोरलीची. तात्या मनातून हरखले. लेकीचे फोटो दाखवताना यंत्र अडखळू नये, म्हणून त्यांनी शुभकार्याआधी एक विशेष सफाई मोहीम काढली आणि आजवर कधी न वापरलेला पर्याय निवडला: ‘सारख्या फाइली शोधा व एक ठेवून बाकी काढा.’

सॉफ्टवेअर प्रामाणिक होते. त्याने एक फोटो पाहिला: दोन वेण्या, शाळेचा गणवेश, मागे निळा पडदा. दुसरा पाहिला: दोन वेण्या, तोच गणवेश, तोच पडदा, तेच नाक. अशा चारशे बारा जोड्या त्याला सापडल्या. प्रत्येक जोडीतला एक ठेवायचा तर कुठला, असा प्रश्न आला तेव्हा यादीत जो फोल्डर वर होता तो त्याने ठेवला. वर ‘थोरली’ होती. तात्यांनी ‘सर्व मान्य’ दाबले आणि भरलेल्या जागेचा काटा इतका खाली आला की त्यांनी खुर्चीतून उठून खोलीत एक फेरी मारली.

दुसऱ्या दिवशी दोघी मुली फोटो निवडायला आल्या. थोरली पडद्यासमोर बसली, धाकटी पाठीमागे उभी राहिली.

“बाबा, हिचा फोल्डर रिकामा आहे.”

“रिकामा?” या शब्दावर तात्या सवयीने खूश झाले. मग त्यांना अर्थ लागला.

त्यांनी खुलासा केला. तो ऐकून धाकटीने हाताची घडी घातली. मग म्हणाली, “शाळेत हिनं उत्तर दिलं की बाई मला खाली बसायला सांगायच्या. वाढदिवसाला केक एकच, त्यावर नाव हिचं आधी. दुकानदार विचारायचा, ‘तू ती का दुसरी?’ चला, आज निदान लेखी आलं. मी डुप्लिकेट.”

“अगं, तसं नाही...” तात्या म्हणाले. काटा हिरवाच होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिले, पण धीर आला नाही.

मग धावाधाव झाली. कचरापेटी पाहावी, तर ती रोज आपोआप धुतली जात होती. जपून ठेवलेला पेनड्राइव्ह मोहिमेच्या वेळी संगणकालाच जोडलेला होता, आणि बॅकअप म्हणजे तरी काय? तीच वस्तू दुसऱ्यांदा. सॉफ्टवेअरने तोही निकालात काढला होता. राहिल्या कागदावरच्या मूळ प्रती. त्या तात्यांनी स्कॅन केल्या त्याच दिवशी रद्दीत दिल्या होत्या, कारण त्या दिवशी त्या डुप्लिकेट ठरल्या होत्या.

“थोरलीचेच लावू या,” तात्या अगदी हळू आवाजात म्हणाले. “कोण ओळखणार आहे?”

हे वाक्य तोंडातून गेल्यावर परत घेता येते का, हे त्यांनी काकूंच्या चेहऱ्याकडे पाहून तपासले. येत नव्हते.

“तुम्ही ओळखाल ना?” धाकटीने विचारले आणि पुढे वाकून एक फोटो उघडला. झोपाळ्यावर उभी, समोरचा दात पडलेली, तोंड भरून हसणारी मुलगी. “सांगा, कोण?”

तात्यांनी चष्मा पुसला. गोदामात एकाच मापाच्या दोन बोल्टांतला फरक नुसत्या हाताने सांगणारा हा माणूस त्या फोटोकडे बघत बसला.

“थोरली. फोल्डरवर तसं लिहिलंय.”

“फोल्डरवर कुणी लिहिलं?”

“मी.”

“बाबा, ही मी नाही,” थोरली म्हणाली. “मला झोपाळ्याची भीती वाटायची. मी खाली उभी राहून रडत होते. ही हीच आहे.”

सगळे पुढे सरकले. पुढच्या फोटोत फुगा हातात धरलेली थोरली निघाली. त्यापुढे मांजराला मिठी मारलेली धाकटी, मग गालगुंड झालेली धाकटी, मग बक्षीस घेणारी कुणीतरी. तात्यांनी वर्षानुवर्षे अंदाजपंचे नावे घातली होती आणि ‘थोरली’ या फोल्डरात निम्मी धाकटी राहत होती.

“म्हणजे माझेही निम्मे गेले?” थोरलीचा आवाज चढला.

धाकटीला एकदम हसू फुटले. ते थांबेना. बघता बघता थोरलीलाही आवरेना, आणि मग दोघी एकाच खुर्चीवर टेकून भांडू लागल्या: ही मी, हट, ही मी, तुझ्या मांडीला तेव्हा प्लॅस्टर होतं, प्लॅस्टर तुझ्या मांडीला होतं. पाळण्यातल्या फोटोंवर काकूंना पंच नेमले. “रडतेय ना?” काकू म्हणाल्या. “मग कुणीही असू शकते.” ते फोटो दोघींच्या नावे मंजूर झाले. तात्या बाजूला स्टुलावर बसून होते. प्रत्येक निकाल ते ओठ हलवत पाठ करत होते, शाळकरी मुलासारखे.

लग्नाच्या जेवणाला भिंतीवर फोटो लागले. एक आत्या थोरलीचा फोटो पाहून धाकटीसाठी पोटभर रडल्या. मध्येच पडदा गोठला आणि नवरीच्या गालगुंडावर तो परिचित चौकोन आला, हिरव्या बटणासकट. सगळे तात्यांकडे वळले. तात्यांचा हात माउसपर्यंत गेला, आणि त्यांनी तो उचलून मांडीखाली दाबून ठेवला. पुढचा फोटो यायला पुष्कळ वेळ लागला. तात्या त्या गालगुंडाकडे बघत राहिले. शेजारच्या व्याह्यांना ते अभिमानाने म्हणाले, “ही धाकटी. नक्की.”

सॉफ्टवेअरवर अन्याय नको, म्हणून त्याची बाजूही नोंदवली पाहिजे. महिनाअखेरीस त्याने रीतसर अहवाल सादर केला. त्यानुसार, काढलेले चारशे बारा फोटो संगणकात आल्यापासून घरातल्या कुणीही एकदाही उघडलेले नव्हते.

हे वाचून आपण तात्यांना हसलात, हे योग्यच झाले. आता आपणही आपले साठवलेले फोटो पाहायला उठाल, अशी खात्री आहे. ते हजारोंच्या घरात असतील, उघडायला वेळ घेतील, आणि तिसऱ्या फोटोपाशी आपण म्हणाल, “फार हळू चालतंय बुवा हे, जरा साफ केलं पाहिजे.”