सुतक नसलेले खून

जालन्यात, आमच्या मस्तगड भागात, आजवर एकही खून उलगडल्याशिवाय राहिलेला नाही. याचं सगळं श्रेय शेजारच्या दत्तूनानांना जातं. हे खून त्यांच्या टीव्हीवर होतात, आणि बहुतेक कोरियात.

नाना साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झाले. ड्रायव्हरचं तोंड पाहून ट्रॉलीत ऊस किती आणि पाचट किती हे आपण ओळखायचो, असं ते सांगतात. तीच नजर आता संशयितांवर असते.

गुन्हेगारी मालिकांवर त्यांचा मुख्य आक्षेप असा, की तिथे खून होतो पण सुतक लागत नाही. "मयतापाशी एकटी बायको रडून राह्यली. जावा, नणंदा कुठं गेल्या? एवढा मोठा माणूस गेला, अन् राजूरहून एक जीप आली न्हाई." दिग्दर्शक खर्च वाचवतो, असं त्यांचं मत. पोलिसांनी प्रयोगशाळेत वेळ घालवण्यापेक्षा दहाव्याला जाऊन बसावं. "एवढा तपास करतेत, पण कावळा शिवला का, हे एकजण इचारत न्हाई." मारामारी आली की ते मालिका पुढे पळवतात, पण जेवणाचा प्रसंग दोनदा पाहतात. खुनी माणूस दुसऱ्यांदा भात मागत नाही, हा त्यांचा सिद्धांत.

शेजारी त्यांची बायको, आमच्या काकू, बसतात. वर्षभरापासून काकूंना कालचं आज आठवत नाही. म्हणून नाना रोज त्यांना मालिका पहिल्यापासून सांगतात. आमची भिंत एकच, म्हणून मला माहीत. गल्लीला मात्र त्यांनी एवढंच सांगून ठेवलंय, की हिला जरा कमी ऐकू येतं.

यंदा संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू झालं आणि चांदीची गुलाबदाणी नाहीशी झाली. तपास नानांकडे द्यावा ही कल्पना माझी. मला गंमत हवी होती. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका पुन्हा आमच्या बैठकीत जमल्या, नाना खुर्चीत बसले आणि प्रत्येकीला विचारू लागले, की गुलाबदाणी हातात कोणी दिली आणि पुढे कोणाला दिली. समोरच्या घरातली नवी सून दोनदा अडखळली. नानांनी तिच्याकडे असं पाहिलं, की तिचे डोळे भरून आले. गंमत तिथेच संपली होती, पण थांबवायचं मला सुचलं नाही.

सून हळूच म्हणाली, "मी काकूंकडं दिल्ती. त्या शेवटी उठल्या."

काकू कोपऱ्यात मटार सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

नाना खुर्चीतून उठले. घरून चष्मा घेऊन येतो म्हणाले. चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता.

ते परत आले आणि सदऱ्याच्या खिशातून गुलाबदाणी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. काकूंना आता गोष्टीत रस वाटू लागला होता.

"मंग कोण निघालं ओ?"

"मी," नाना म्हणाले. "मीच नेल्ती उचलून. हळदीकुंकू चालू होतं तव्हा."

काकूंनी मटार बाजूला ठेवले. "लाज न्हाई वाटत? ह्या वयात? लोकायच्या घरातून?"

"चुकलं," नाना म्हणाले. मग नव्या सुनेकडे वळून, खाली बघत, पुन्हा म्हणाले, "पोरी, चुकलं माझं."

काकू त्यांना बोलत राहिल्या आणि नाना ऐकत राहिले. मी फरशीकडे पाहत होतो. शेवटी माझी बायको चहा ठेवायला उठली, तिच्यामागे सूनही उठली. बाकीच्या बायका मटार सोलायला बसल्या.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पुरुष नसतात. त्या संध्याकाळी बायका घरात होत्या तेवढा वेळ नाना माझ्याबरोबर गच्चीवर होते, कोरियातला एक खून समजावून सांगत. आम्हा दोघांना चहा घेऊन तीच सून वर आली होती.