नमुना कोणाचा?

आमच्या कंपनीच्या संचालकांचा दर रविवारी सकाळी साडेसातला पेपर असतो. पन्नास प्रश्न, दोनशे मार्क, चुकीला वजा एक. पेपर काढतात अप्पा, तपासतात अप्पाच, आणि दुपारी बाराच्या आत निकाल जिन्याखालच्या फळ्यावर लागतो. पहिला येईल तो आठवडाभर मीटिंगमध्ये अप्पांच्या उजव्या हाताला बसतो, बाकीचे मार्कांप्रमाणे मागं. पेपर देणारे संचालक आहेत दोनच, त्यामुळं मागं कोण बसलंय हे खालच्या वॉचमनलासुद्धा माहीत असतं.

कंपनी लातुरातली. रक्तावरून जनुकं तपासायची, हे आमचं काम. घराण्यातला रक्ताचा आजार पोटातल्या बाळाला येईल का, हे माणसांच्या बाजूला. देवणी गाय अस्सल आहे की नुसती रंगानं देवणी, हे जनावरांच्या बाजूला. बाहेरगावचे सुटातले लोक येतात आणि म्हणतात, तुमच्या लीडरशिप टीमला भेटायचंय. मी त्यांना जिना दाखवतो. वर तीन माणसं. माधवी मॅडम नांदेडच्या, घरात सगळे मास्तर. शास्त्राचं सगळं त्यांच्याकडे. इरफान सर उदगीरचे, यंत्रं आणि कॉम्प्युटर त्यांचे. आणि मन्मथप्पा, म्हणजे आमचे अप्पा, अध्यक्ष. कपाळाला भस्म, खिशाला लाल पेन. मॅडम आणि सर दोघंही अप्पांच्या पत्र्याच्या शेडमधल्या बायोलॉजीच्या क्लासचे विद्यार्थी. परदेशात शिकून आले, केस पांढरे व्हायला लागले, तरी अप्पा खोलीत शिरले की उठून उभे राहतात. मला हे बघायला फार आवडतं.

एकदा बंगळूरहून एक पैसेवाले साहेब आले होते. कंपनीत भांडवल घालणार म्हणे. अप्पांनी त्यांच्यापुढं चहाआधी वीस मार्कांचा पेपर ठेवला. साहेब हसले. अप्पा हसले नाहीत. साहेबांना उणे तीन पडले. जाताना ते म्हणाले, दहावीनंतर इतकी भीती वाटली नव्हती. भांडवल मात्र घातलं.

चहा विचारायचीही अप्पांची तीच तऱ्हा. "चहा, कॉफी, दोन्ही, का यापैकी न्हाई?" आणि कुणी 'काहीही चालेल' म्हटलं की, "असला ऑप्शन नस्तो बाबा. नीट वाच."

मी इथं कसा, ते सांगतो. मी भंडाऱ्याकडचा, साकोलीजवळच्या खेड्यातला. सातवीत शाळा सुटली. भूकंपानंतर इकडं घरं बांधायला ठेकेदारानं आमच्याकडून माणसं आणली, त्यात मी. घरं झाली, माणसं परत गेली, मी लातुरात गिलाव्याची कामं धरत राहिलो. अप्पांच्या शेडची भिंत महिनाभर माझ्याकडं होती. आत ते शिकवायचे, बाहेर मी थापी मारायचो. एक दिवस ते खिडकीतून ओरडले, "पेशीत ऊर्जा कुठं तयार व्हती?" आत दोनशे पोरं गप्प. माझ्या तोंडून निघून गेलं, "मायटोकॉन्ड्रियात होऊन राहिली, सर." अप्पांनी मला परांचीवरून खाली उतरवलं आणि पेपर वाटायच्या कामावर घेतलं. आज मी नमुने घेण्याच्या खिडकीचा मुख्य आहे. अजूनही रोज सकाळी वाटतं, आज कुणीतरी माझी मार्कशीट मागेल.

आणि याच माणसानं, म्हणजे मी, कंपनीच्या तोंडाला काळं फासायची वेळ आणली.

त्या दिवशी देवणी तालुक्यातल्या जनावरांच्या शिबिरातून चाळीस नळ्या आल्या होत्या. त्याच खोक्यात आमच्या नायगावच्या, माणसांचं रक्त गोळा करणाऱ्या केंद्राची एक नळी होती. आमचा फॉर्म माणसांना आणि गायींना एकच. अप्पांनीच तो केलेला, कागद वाचावा म्हणून. पहिला रकाना: 'नमुना कोणाचा?' त्यापुढं निळ्या शाईत लिहिलेलं, 'देवणीची'. खाली फोन नंबर. बस. माझा हात डोक्याच्या आधी गेला. नळी गायींच्या हिरव्या रॅकमध्ये.

गायींची तपासणी आठवड्यातून एकदाच लागते. आठव्या दिवशी माधवी मॅडम कागद घेऊन खिडकीशी आल्या.

"ईश्वरराव, तुमची एक्केचाळिसावी गाय माणूस आहे."

त्यांनी तिथूनच फोन लावला. मी समोर उभा.

"तुम्ही देवणीचा नमुना पाठवला होता. वय काय तिचं?"

"बावीस," पलीकडचा माणूस म्हणाला.

"बावीस वर्षांची गाय?"

 "मॅडम, ती माझी बायको हाय की. देवणीची म्हंजे देवणीची लेक. घरात तिला तसंच म्हंताव. रिपोर्ट कधी देताव? पाचवा लागायलाय तिला."

इकडं सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारतात, हे मला काय ठाऊक नव्हतं? इतकी वर्षं राहून राहिलो इथं. पण चाळीस गायींत तोच शब्द वाचल्यावर मला गायच दिसली. त्या माणसाला थॅलेसेमियाचा अर्धा दोष होता. बायकोलाही निघाला, तर पोटातल्या बाळाची तपासणी तातडीनं करायला हवी होती. तिचे आठ दिवस मी गोठ्यात घातले होते.

मी दुपारी राजीनामा लिहिला. दोनदा फाडला, तिसऱ्यांदा लिहिला आणि वर नेऊन अप्पांच्या टेबलावर ठेवला. तिघंही बसलेले. अप्पांनी तो उघडला, खिशातलं लाल पेन काढलं आणि वाचता वाचता गोल करत गेले.

"राजीनाम्यातला जी दीर्घ. 'कृपया'ला ऋकार. आन् 'माझ्या हातुन' न्हाई, 'हातून'." खाली दहापैकी चार मार्क दिले. "नापास. घेता येत न्हाई. बस तिथं."

मग फळ्याशी गेले. "चूक कोणाची? ऑप्शन एक, ईश्वर. दोन, नायगावचं केंद्र. तीन, त्या घरचे लोक. इरफान?"

इरफान सरांनी माझ्याकडं बघितलं, मग खाली बघितलं. "एक, सर."

"वजा एक. माधवी?"

"दोन?"

"वजा एक. आरं, प्रश्नच चुकलाय की! कोणाचा म्हणून इचारल्यावर लोकं काय सांगतील? कोणाची हाय तेच सांगतील. त्यांनी बरोबर उत्तर दिलंय. पेपर काढणाऱ्यानं घाण केली तर मार्क कोणाला?"

"सगळ्यांना, सर," दोघंही एका सुरात म्हणाले. वर्गात म्हणायचे तसे.

"हाव. ईश्वरला बोनस." आणि जिन्याखालच्या फळ्यावर, जिथं सगळी कंपनी वाचते तिथं, त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव लिहून पुढं उणे दहा टाकले. आठवडाभर पुसू दिलं नाही. अध्यक्ष आमचे. मी पाहुण्यांना मुद्दाम दाखवायचो.

दुसऱ्या दिवशी आम्ही नायगावकडं निघालो. मॅडम म्हणाल्या, त्या बाईची सही घेऊन ताजा नमुनाच घ्यायचा. अप्पा म्हणाले, मी येतो. कंपनीच्या अध्यक्षानं एका नळीसाठी एवढा प्रवास करायची गरज नव्हती, पण हे त्यांना सांगणार कोण?

घरासमोर बाज टाकलेली. सासूनं आत हाक दिली, "देवणीची, ये गं भायेर. लातूरचे डॉक्टर आल्यात."

एक पोरसवदा बाई पदर सावरत उंबऱ्याशी आली. अप्पांनी मांडीवर फॉर्म घेतला. पहिला रकाना लाल पेनानं आधीच खोडून ठेवला होता.

"नाव काय बाई तुमचं?"

"देवणीचीच म्हंतेत सगळे," सासू हसून म्हणाली. "नाव काय करताव?"

"मावशी, तुमचा पेपर न्हाई हा," अप्पा म्हणाले आणि पेन धरून बसून राहिले. नवरा काही सांगायला गेला, त्यालाही हातानं थांबवलं. कोंबड्या अंगणातून फिरून गेल्या. शेवटी बाईच म्हणाली, "सुवर्णा."

अप्पांनी अक्षर अक्षर जोडून लिहिलं, तिला वाचून दाखवलं, "बरोबर हाय का बघा," म्हणाले, आणि मगच मॅडमनी सुई काढली.

निकालाचं आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर तुमचाही जीव टांगलेला राहील. मॅडमनी आणि सरांनी यंत्र अडवून तो एकच नमुना आधी चढवला आणि तिसऱ्या दिवशी सुवर्णाबाईंना फोन गेला: तुमच्यात दोष नाही, बाळाला हा आजार व्हायचा नाही. फोन अप्पांनी मला करायला लावला. मी रडलो, हे तिकडं कळलं असावं.

पण त्या दिवशी नायगावहून परत येताना असं झालं. अहमदपूरच्या अलीकडं आम्ही चहाला थांबलो. मॅडम गाडीतच फोनवर होत्या. बाकावर अप्पा आणि मी. मी म्हणालो, "अप्पा, मोठी चूक झाली माझ्याकडून."

त्यांनी चहा बशीत ओतला.

"आमच्या हिला गावात उदगीरची म्हणायचे," ते म्हणाले. "भूकंप झाला तवा मी लातुरात, पोरांची टेस्ट व्हती म्हणून थांबलेलो. गावात पोचलो तर गेलेल्यांची यादी करणारा बसला व्हता. गल्लीतल्या लोकांनी सांगितलं तसं त्यानं लिहिलं व्हतं: उदगीरची, एक. मी म्हणलो, असं लिहू नका, तिचं नाव लिव्हा. त्यो म्हणला, सांगा की गुरुजी."

अप्पांनी बशी खाली ठेवली.

"अन् मला आठवंना, ईश्वर. अकरा वर्षांचा संसार. मी कधी नावानं हाकच मारली नव्हती. त्यो पेन धरून बसला. मागं लोकं उभी. अन् मला आठवंना."

 मी धीर करून विचारलं, "काय नाव होतं?"

त्यांनी रस्त्याकडं बघितलं. मग खणखणीत आवाजात, अख्ख्या टपरीला ऐकू जाईल असं म्हणाले, "कमल!"

चहावाला दचकला. "काय पायजे मालक?"

"काई न्हाई," अप्पा म्हणाले. "नाव घेतलं."