ओल्या फडक्यातला लॅपटॉप

तोडलेली मोगऱ्याची कळी अठरा तास ताजी ठेवणारा अख्ख्या पातूर तालुक्यात एकच माणूस आहे, आणि तो म्हणजे मी, गोवर्धन! सकाळचा गजरा मी संध्याकाळी विकतो, तरी गिऱ्हाईक विचारतं, "आत्ताच तोडला का?" गुपित एकच, ओलं फडकं. जे तापतं, जे मलूल पडतं, ते ओल्या फडक्यात गुंडाळायचं! या एका विद्येवर मी तीस वर्षं धंदा केला, पोरीला अमरावतीला शिकायला पाठवलं, आणि याच विद्येनं मी तिचं वाटोळं केलं.

त्या साली पावसानं सलग तिसऱ्यांदा दगा दिला होता. माझ्या दोन एकरांतली विहीर मार्चातच आटली, मोगरा उभ्याउभ्या वाळला, आणि मी बाहेरून कळ्या आणून गजरे करत होतो. दुपारभर हाताला काम नाही. माश्या मारायच्या म्हटलं तर उन्हानं माश्याही फिरकत नव्हत्या! अशात मे महिन्यात माझी लेक खुशी लॅपटॉप घेऊन घरी आली.

तिचं बीएस्सीचं शेवटचं वर्ष. प्रोजेक्ट होता विहिरींचा. जानेवारीत तिनं एसटीनं आणि पायी हिंडून तालुक्यातल्या बत्तीस विहिरींत दोर सोडला, पाणी मोजलं. आता मेमध्ये त्याच विहिरी पुन्हा मोजायच्या आणि चार महिन्यांत पाणी किती उतरलं ते दाखवायचं. सर म्हणाले होते, हे नीट झालं तर पहिला वर्ग नक्की. पहिला वर्ग मिळाला तरच पुढे एमएस्सी. मोजणी सुरू करण्याआधी ती मैत्रिणीच्या लग्नाला चार दिवस अकोटला निघाली.

"बाबा, लॅपटॉपले कोनी हात लावू नका. माह्या साऱ्या विहिरी याच्यात हायेत."

"अवं, मले तो चालू तरी करता येते का?"

हे मी अगदी खरं बोललो होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत खरं होतं.

दुसऱ्या दिवशी अय्युब आला. बसस्टँडवर माझ्या शेजारी तो नागवेलीची पानं विकतो. लॅपटॉप पाहून त्याचे डोळे चमकले.

"गोवर्धनभाऊ, एक शेतीचा गेम हाये. ट्रॅक्टर, नांगर, पेरनी, सब कुछ! एखादा पेनड्राईव्ह दे, भाच्याकडून भरून आनतो."

खुशीच्या बॅगेच्या कप्प्यात एक होता. दिला. संध्याकाळी त्यानं तो भरून आणला आणि भाच्यानं शिकवलं तसं लॅपटॉपमध्ये घातला.

काय सांगू तुम्हाला! मी त्या गेमच्या प्रेमातच पडलो. पेरलं की उगवायचं! आठव्या दिवशी पाऊस म्हणजे पाऊस, आणि त्या गेमातला एक दिवस दोन मिनिटांचा! मोगरा नव्हता, म्हणून सूर्यफूल लावलं. कोपऱ्यात विहीर बांधली, तिच्याजवळ झाड लावलं, बांध आमच्या बांधासारखाच वाकडा काढला. पहिला पाऊस आला तेव्हा मी ओरडलो, "मनकर्णे, दोरीवरचे कपडे काढ!" बायको धावत अंगणात गेली, शेचाळीस डिग्रीचं ऊन पाहून परत आली आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

तिसऱ्या दिवशी सूर्यफूल कापणीला आलं आणि लॅपटॉप पिठाच्या गिरणीसारखा घरघरायला लागला. खालून असा तापला की त्यावर पोळी भाजावी! मग एकदम बंद. अर्ध्या तासानं चालू केला, पाच मिनिटांत पुन्हा बंद.

"डोस्कं तापलं त्याचं," अय्युब म्हणाला. "खेळ भारी हाये, मशीन नाजूक."

तापलं? माझ्या घरात? मी हसलोच! गजऱ्यांच्या टोपलीवरचं ओलं फडकं काढलं, घट्ट पिळलं आणि लॅपटॉपखाली अंथरलं.

"भाऊ, याले पानी चालते का?"

"पिळलं ना मी! पिळलेल्या फडक्यात पानी नसते, गारवा असते."

आणि काय आश्चर्य, दहा मिनिटं चालला की हो! अय्युबनं माझ्या पाठीवर थाप मारली. तिथंच थांबायचं, तर मी कसला गोवर्धन! खालून एवढा गारवा, तर चहूबाजूंनी गुंडाळल्यावर केवढा! बाळंतिणीनं बाळ गुंडाळावं तसा मी तो गुंडाळला, पडदा आणि बटणं तेवढी उघडी ठेवली. बाजूला बारीक भोकं दिसत होती, तीही नीट झाकली. मशीन श्वास घेतं हे मला कुणी सांगितलं होतं?

पाच मिनिटांत वाफ निघाली, मग जळक्या रबराचा वास आला. पडदा निळा झाला, मग काळा.

"कापनी आर्धी राह्यली ना भाऊ!" अय्युब ओरडला. त्या क्षणी मलाही कापणीचंच वाईट वाटलं, हे लिहिताना आज लाज वाटते.

फडकं सोडलं तर बटणांतून पाणी ठिबकलं. आता ओलं झालंय तर वाळवायचं, एवढं साधं! मी लॅपटॉप गच्चीवर नेला आणि मनकर्णेनं बाजेवर कुरडया घातल्या होत्या, त्यांच्या शेजारी उघडा ठेवला. भर दुपारी.

"अवो, हे काय वाळत घातलं?" मनकर्णा किंचाळली.

"गुपचूप राह्य. संध्याकाळपर्यंत कडक होते."

झालाच कडक. कडेचं प्लास्टिक पापडासारखं वर आलं, आणि एक कुरडई खालून अशी चिकटली की निघता निघेना.

खुशी आली. बटण दाबलं, पुन्हा दाबलं. मग लॅपटॉप उलटा केला आणि कुरडईकडे पाहत राहिली.

"बाबा, काय केलं तुमी?"

मी सगळं सांगितलं. ती रडली नाही, थेट बॅगेकडे गेली.

"पेनड्राईव्हात कॉपी होती. कुठं हाये तो?"

मी दारात उभ्या अय्युबकडे पाहिलं. अय्युब चपलेकडे पाहू लागला.

"बेटा, गेमले जागा पुरत नव्हती. अंदर नुसते आकडे होते, तं पोट्ट्यानं पुसून टाकले."

"कागद तं हायेत! आई, जानेवारीतले कागद कुठं ठेवले?"

मनकर्णेनं माझ्याकडे बोट दाखवलं. आकडे लॅपटॉपात उतरल्यावर ते कागद खुशीनंच रद्दीत द्यायला सांगितले होते, घाबरून ती ते विसरली होती. रद्दी मी घेतली होती, आणि आठवडाभर त्यात गजऱ्यांच्या पुड्या बांधल्या होत्या. एकेक विहीर, एकेक गजरा, सगळ्या तालुक्यात वाटून आलो होतो!

मग ती खाली बसली आणि रडली. मी धंद्यात बोलून बोलून गिऱ्हाईक गार करणारा माणूस, पण त्या दिवशी नुसता पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी बाप-लेक अकोल्याला परवेजच्या दुकानात गेलो. लॅपटॉप दुरुस्तीत त्याचा हात धरणारा कुणी नाही म्हणतात. त्यानं खालचं झाकण उघडलं, चिमट्यानं पंख्यातून एक पाकळी काढली. मग दुसरी, मग आख्खी कळी.

"काका, मी लॅपटॉप खोलून राहिलो का गजरा?"

"ताजी हाये ना कळी?" माझ्या तोंडून निघून गेलं. खुशीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी दुकानाबाहेर जाऊन उभा राहिलो.

दोन तासांनी परवेजनं हाक मारली. "काका, बहुत कोशिश केली. एकच चीज साबूत निघाली."

त्याच्या कॉम्प्युटरवर माझं शेत होतं! हिरवंगार, अर्धं कापलेलं सूर्यफूल, कोपऱ्यात भरलेली विहीर. पोरीच्या बत्तीस विहिरी गेल्या होत्या आणि माझी एक काठोकाठ भरून उभी होती. देवाशपथ, जमीन दुभंगावी आणि पोटात घ्यावं असं वाटलं.

खुशीनं पडद्यावर बोट ठेवलं. "हा बांध आपला हाये ना, बाबा?"

मी मान डोलावली. ती लॅपटॉप पिशवीत भरू लागली. तिनं ओरडायला हवं होतं.

मग मी तिला मोटरसायकलवर बसवून दहा दिवस गावोगाव हिंडवलं. प्रत्येक विहिरीत मी दोर सोडायचा, तिनं नव्या वहीत लिहायचं. मेचे आकडे जमले हो! पण शेजारी जानेवारीचा रकाना रिकामाच. जानेवारीचं पाणी आता कुठून आणणार? तुलना नाही म्हणजे पहिला वर्ग नाही, सरांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं.

बत्तिसावी विहीर आमचीच. मी दोर सोडला. दोराला बांधलेला दगड तळाशी खणकन वाजला.

"किती?"

"कोरडी," मी म्हणालो.

तिनं शून्य लिहिलं. मग जानेवारीच्या रकान्यात काहीतरी लिहू लागली.

"हे कसं काय लिहून राहिली?"

"आपल्या विहिरीचं पाठ हाये मले. साडेसात फूट होतं." तिनं वही मिटली. "बाकीच्या एकतीस जनायचं पानी पावसानं एकदा आटवलं, बाबा. तुमी दुसऱ्यांदा आटवलं."

मी दोर गुंडाळला आणि गाडीला किक मारली. पेट्रोल संपलं होतं! घरापर्यंत आम्ही गाडी ढकलत आलो. ती मागून चांगला जोर लावत होती, फक्त माझ्याशी बोलत नव्हती.